नाव न कळलेल्या दात्यांचे मनःपूर्वक आभार

गुहागरजवळच्या आमच्या वाडीत धाकटा भाऊ यंदा पुन्हा अंगणात चालू लागला, म्हणून हे आभार. त्याला रक्ताचा कर्करोग होता, आणि दुसऱ्याच्या हाडांतील मज्जेतल्या मूळपेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, त्याला चढवायच्या होत्या. त्यासाठी ऊतिप्रकार, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळाव्या लागतात; सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आम्हा दोघी बहिणींपैकी कोणाच्याही जुळल्या नाहीत, तेव्हा मूळपेशीदात्यांच्या नोंदणीतील एका अनोळखी दात्याने होकार दिला.

त्या दात्याने मज्जेतील मूळपेशी रक्तात उतरवणारी इंजेक्शने चार-पाच दिवस घेतली, त्यांनी हाडे ठणकतात तेही सोसले असेल, आणि मग काही तास यंत्राजवळ पडून एका हातातून निघालेले रक्त, मूळपेशी वेगळ्या झाल्यावर, दुसऱ्या हातात परत घेतले. प्रखर औषधांनी भावाची स्वतःची मज्जा पुसून टाकल्यानंतर त्या मूळपेशींची पिशवी साध्या रक्तासारखी शिरेतून चढवली गेली. आत गेलेल्या पेशी हाडांतील आपली जागा आपणच शोधतात, याचे मला आजही नवल वाटते.

नवी मज्जा कामाला लागेपर्यंतचे दोन-अडीच आठवडे इतरांनी तारले. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा लागत होत्या, आणि ऐन गणपतीत, घरची आरती सोडून, चिपळूण-रत्नागिरीची मुले रात्रीच्या गाडीने मुंबईला येऊन दान करून गेली. नावे विचारली तर 'गाववालेच आहोत' एवढेच म्हणाली. भावाची एकांत खोली दिवसातून अनेकदा पुसणाऱ्या मावशींचेही नाव विचारायचे राहिले. त्या सर्वांना, आणि त्या दात्याला, आमच्या आईचा नमस्कार.