रस्ता वर आला, वाडा खाली गेला: जुन्या नाशकातल्या ओलीबद्दल नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

जून जवळ आला की जुन्या नाशकात धोकादायक वाड्यांच्या याद्या निघतात. दारांवर नोटिसा लागतात, वर्तमानपत्रात आकडा छापून येतो. गोदाकाठच्या काझीच्या गढीची माती ढासळली की साऱ्या शहराला कळते. भिंतीत मुरणारी ओल मात्र गुपचूप काम करते, त्यामुळे तिची बातमी होत नाही. पण भिंत काही एका रात्रीत पडत नाही. ती आधी कित्येक पावसाळे ओली असते, आणि त्या काळात तिच्याकडे कोणी बघावे अशी आपल्या व्यवस्थेत सोयच नाही. हे पत्र त्या मधल्या काळाबद्दल आहे.

मी याच भागातल्या एका वाड्यात भाड्याने राहते. फायलीत आमची अवस्था ‘दुरुस्ती आवश्यक’ एवढ्या दोन शब्दांत मावत असेल. प्रत्यक्षात आषाढ लागला की कपाटामागे काळे ठिपके उठतात, गाद्यांना कुबट वास येतो, चपलांवर, पोरांच्या दप्तरांवर, पुस्तकांच्या पाठींवर बुरशी धरते. गिलाव्याला पोपडे सुटतात. श्रावणात ते झाडून काढायचे, दिवाळीला रंग द्यायचा, पुढच्या आषाढात पुन्हा तेच. ज्यांच्या घरात दम्याचे माणूस आहे त्यांचे हाल वेगळे सांगायला नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि श्वसनाच्या तक्रारींशी तिचा संबंध स्पष्टपणे नोंदवला. तेव्हा हा केवळ रंगाचा आणि वासाचा प्रश्न नाही.

ओल एकाच जातीची नसते, आणि सगळी गडबड इथेच होते. भिंतीच्या माथ्याशी, वळचणीखाली डाग असेल तर कौल सरकलेले असते किंवा पन्हळ तुंबलेली असते. कोपऱ्यात, कपाटामागे काळे ठिपके असतील तर घरातली वाफ थंड भिंतीवर बसते आहे: स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या. ऐन मे महिन्यात भिंत ओली दिसली तर गल्लीतला पाण्याचा नळ किंवा शेजारची मोरी झिरपते आहे, असे समजावे. आणि जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेली, वरच्या कडेला लोणा म्हणजे क्षारांचा पांढरा थर फुटलेली ओल असेल तर ती जमिनीतून वर ओढली जात आहे. चौघींवर उपाय वेगवेगळे. पाहणीला येणारा माणूस मात्र एकच ओळ लिहितो.

या चौथ्या ओलीशी आपल्या खात्याचा थेट संबंध आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते.

आमच्या वाड्याला रस्त्यावरून वर चढायला तीन पायऱ्या होत्या, असे इथली वृद्ध मंडळी सांगतात. आता एक उरली आहे. वाडा खचलेला नाही; रस्ता वर आला. आधी डांबर, त्या डांबरावर नवे डांबर, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा घालायचा, ही साधी गोष्ट गल्लीबोळांत होताना दिसत नाही. जोते, म्हणजे घराचा चौथरा, एवढ्याचसाठी उंच ठेवलेले असते की रस्त्यावरचे पाणी भिंतीला लागू नये. ते बुडाले की पावसाचे पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी साचते. वर सगळीकडे काँक्रीट झाल्याने जमिनीतली ओल उघड्यावर सुकतही नाही. मग तिला वाट उरते ती भिंतीतून वर चढण्याची. दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार या उताराच्या भागात तर गोदावरीला पूर नसतानाही जोराच्या सरीत पाणी भरते. झाकलेला सरस्वती नाला किती पाणी पोटात घेणार?

पुराचेही असेच. २००८, २०१६, २०१९ या साली नदीकाठच्या वाड्यांत पाणी शिरले. पूर मोजायला आमच्याकडे गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी तिच्या पायांखाली उतरले, पंचनामे झाले, की विषय मिटतो. पण जाड भिंत सुकायला इंचाला महिना धरावा असा जाणकारांचा ठोकताळा आहे. दोन फुटांची भिंत असेल तर हिशेब आपणच करा. शिवाय पाणी जाते तरी त्यातले क्षार भिंतीत राहतात आणि पुढे दर पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओढून घेतात. पूर कधीच ओसरून गेलेला असतो आणि भिंत मात्र घाम फुटल्यासारखी ओली.

यावर जो उपाय सर्रास होतो तो रोगापेक्षा वाईट. गवंडी येतो, जुना गिलावा काढतो आणि सिमेंटचा मारतो. त्यावर ‘वॉटरप्रूफ’ रंग. एक हिवाळा भिंत झकास दिसते. मग आत कोंडलेली ओल सिमेंटच्या वरच्या कडेने बाहेर पडते. कमरेला असलेला डाग खांद्याला जातो. आमच्या गल्लीत अशा भिंती दारादारांत दाखवता येतील. पांढऱ्या मातीच्या आणि चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतींना चुन्याचाच गिलावा मानवतो, कारण त्यातून ओल बाहेर पडून सुकू शकते. लोणा धरलेला गिलावा डागाच्या वर हातभर उंचीपर्यंत काढायचा, क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे, भिंतीला वेळ द्यायचा, मग चुना आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा, त्यावर चुन्याचीच सफेदी. पहिला गिलावा क्षार ओढून घेऊन खराब होईल, तो बदलावा लागेल, हेही घरच्यांना आधीच सांगायचे. यात कुठलेही गूढ ज्ञान नाही. पण कळीचा चुना विरवून आठवडेच्या आठवडे भिजत ठेवणारा माणूस आज नाशकात शोधावा लागतो, आणि सापडला तर तो देवळांच्या जीर्णोद्धारात गुंतलेला असतो. देवाला चुना आणि माणसाला सिमेंट, असा एकूण व्यवहार.

आता पैशाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम १४ सांगते की घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे काम. त्याने हयगय केली तर लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवस थांबायचे, मग भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. महिन्याला शंभर रुपये भाडे असेल तर वर्षाचे बाराशे, त्याचा चौथा हिस्सा तीनशे. तीनशे रुपयांत गवंडी चहा प्यायलाही थांबणार नाही. मालकाला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. शंभर रुपये घेऊन त्याने तरी सागवानी तुळया कुठून बदलाव्यात? त्यात मालकीच्या कागदांवर साऱ्या भाऊबंदांची नावे. मग दोघेही वाट पाहतात. काही मालक भिंत पडण्याचीच वाट पाहतात, हेही लपवण्यात अर्थ नाही.

२०१५ मध्ये शासनाने धोकादायक इमारतींची वर्गवारी ठरवली: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी रिकामी न करता, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. वर्गवारी चांगली आहे. पण पाडण्याच्या वर्गासाठी कायद्याचा हात लांब आहे आणि दुरुस्तीच्या वर्गांसाठी तो फारसा पुढे येत नाही. मुंबईत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी म्हाडाचे स्वतंत्र दुरुस्ती मंडळ आहे. नाशकात म्हाडाचे मंडळ आहे, ते घरे बांधते आणि सोडती काढते. वाड्यांच्या दुरुस्तीचे काम कोणाकडेच नाही. म्हणून सी-३ मधला वाडा निवांतपणे सी-१ कडे सरकत जातो आणि सगळे कागद बरोबर असतात.

आपल्याकडे मागणे असे. गावठाणातल्या सी-२बी आणि सी-३ वाड्यांसाठी छोटा दुरुस्ती निधी असावा, मालक आणि भाडेकरू यांपैकी जो अर्ज करेल त्याला मिळणारा. बाकी वसुलीचे भांडण नंतर होऊ द्या. त्याच्या अंदाजपत्रकात चुन्याचे काम मान्य असावे. पाहणी पावसाळ्याआधी एकदा नव्हे, तर मे महिन्यात आणि पुन्हा भाद्रपदात व्हावी आणि ओल कुठून येते आहे हे त्यात लिहावे. नाशकात वास्तुकलेची आणि स्थापत्याची महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांना याहून चांगला वर्ग मिळणार नाही. भाडे कायद्यातल्या चौथ्या हिश्शाच्या मर्यादेला विधिमंडळात जावे लागेल, त्याला वेळ लागेल, हे समजते.

एका गोष्टीला मात्र वेळ नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामे सुरू आहेत. रामकुंडाकडे जाणारे गावठाणातले रस्ते पुन्हा एकदा होतील आणि आमची उरलेली पायरीही जाईल. या रस्त्यांच्या निविदांत एवढीच अट घाला: जुने थर काढल्याशिवाय नवा थर नाही, तयार रस्त्याची पातळी दोन्ही बाजूंच्या जोत्यांच्या खाली, आणि काम सुरू होण्याआधी जोत्यांच्या उंचीची मोजणी करून ती यादी प्रभाग कार्यालयात लावायची. यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा निधीही फारसा लागत नाही. परिपत्रक पुरे. ते कामाचे आदेश निघण्याआधी निघाले पाहिजे. काँक्रीट ओतल्यावर ते कोणी खरवडत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

कळावे,

आपली,
जुन्या नाशकातली एक भाडेकरू