माननीय आरोग्यमंत्री, माझ्या मुलीचं वजन उत्तम आहे

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
सादर नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली. दहा आठवड्यांपूर्वी बाळंत झाले, दुसरी मुलगी. आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात लिहीन म्हणते.

गेल्या बुधवारी तिला लशीची सुई द्यायला आरोग्य केंद्रात नेलं होतं. आधीच्या सुईला मी तिथल्या बाईंपुढे रडले होते, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आठ दिसांनी हांव फोन करतां." महिनाभर फोन उशाशी ठेवून निजले. बुधवारी आठवण केली, तर "अजून रडटा? बाळ बरें आसा मगो!" मग वजन केलं. उत्तम आहे.

असणारच. दूध मी पाजते. पाजताना काय वाटतं ते लाज सोडून सांगते: काहीच नाही. शेजारणीचं मूल कुणी मांडीवर ठेवून गेल्यासारखं. सटीच्या रात्री बायका जागरणाला बसल्या होत्या आणि मी मनात म्हणत होते, हिला कुणीतरी घेऊन जा. सासूबाई वाईट नाहीत हो. पेज, अळिवाची खीर, शेक, सगळं वेळच्या वेळी. "पहिलीच्या वेळी असं नव्हतं," एवढंच म्हणतात. पहिलीच्या वेळीही होतं. मी बोलले नव्हते.

शेवटी खासगीत दाखवलं. अॅडमिट व्हा म्हणाले, बाळ मात्र घरी ठेवा. साहेब, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 21 वं कलम तुम्ही वाचलंय? तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करू नये, असं त्यात आहे. मी रात्री तीन वाजता मोबाइलवर वाचलं. झोप नाही, दुसरं करणार काय? बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी इस्पितळात, आई-बाळाला एकत्र ठेवायचा वॉर्ड आहे म्हणे. मग आम्ही काय, तान्हं काखेला मारून बंगळुरूची बस धरायची?

आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य हे परदेशी फॅड नव्हे. म्हापशाच्या इस्पितळातल्या बाळंतिणींचा अभ्यास 2002 साली छापून आला. सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बायकांना नैराश्य! म्हणजे चार बाळंतिणींत जवळपास एक. मागे काय, तर गरिबी, नवऱ्याचा मार आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. पुढे याच गोव्यात साध्या बायकांना शिकवून 'सखी' म्हणून गरोदर बायकांच्या घरी पाठवलं, त्याचा गुण आला, 2019 मध्ये तेही छापलं. जगानं वाचलं. माझ्या दारात सखी आली नाही. मुलगी झाली म्हणून ममता योजनेचा फॉर्म तेवढा आला. पैसे खात्यात येतील, ममता कुठल्या खात्यातून काढू?

विचारायचे प्रश्न तरी किती? बाळंतिणीचं नैराश्य ओळखायची एडिनबरोची यादी 1987 पासून आहे. दहा प्रश्न, पाच मिनिटं. फीत कापायला तुम्हाला याहून जास्त वेळ लागतो. मांडवीत कॅसिनोंना रात्रभर उजेड आणि बायकांच्या योजनांच्या फलकावर फोटो पुरुषांचे! मतदार यादीत आम्ही बरोबर सापडतो, बायकांनी चालवायचे पिंक बूथही सजवता. बाळंतीण झाली की मात्र आम्ही फक्त दूध. वजनकाट्याशेजारी एक खुर्ची ठेवा आणि विचारायला एक माणूस, एवढंच मागते.

काल ती माझ्याकडे बघून हसली. मी पाहिलं आणि कपडे वाळत घालायला गेले. हे कुणाकडे जाऊन सांगायचं, तेवढं कळवा. पुढची सुई चौदाव्या आठवड्याला आहे.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक बाळंतीण