अंतराळातल्या कापडी खोल्या आणि आपलं सोलापूर

संपादक साहेब, नमस्कार.

अंतराळात हॉटेल म्हटलं की लोक श्रीमंतांचे चोचले म्हणून सोडून देतात, पण त्यासाठीच्या फुगणाऱ्या खोल्या कशाच्या बनतात ते कुणी बघतच नाही. कापडाच्या! व्हेक्ट्रान नावाचा एकदम दणकट धागा विणून त्याचे थर करतात, घडी घालून रॉकेटमध्ये ठेवतात आणि वर गेल्यावर हवा भरतात. अमेरिकेतले हॉटेलवाले रॉबर्ट बिगेलो यांनी स्वतःचा पैसा घालून २००६ आणि २००७ मध्ये असे दोन नमुने वर पाठवले, २०१६ ला त्यांची बीम नावाची खोली अंतराळ स्थानकाला जोडली, ती होती दोन वर्षांसाठी पण पुढंही सामान ठेवायला वापरात राहिली. २०२० ला बिगेलोंच्या कंपनीनं सगळ्या कामगारांना कमी केलं ते वाचून लई वाईट वाटलं, माग बंद पडला की घरात काय होतं ते आमच्या पूर्व भागात मी लहानपणापासून बघतोय. चादरी, टॉवेल विणणारे हात आपल्याकडं आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं पण आहेत. टेक्निकल टेक्स्टाइलचं, म्हणजे असल्या खास कामाच्या कापडाचं ट्रेनिंग आणि टेस्टिंग लॅब सोलापुरातच सुरू करा ना, आमची पोरं कामासाठी पुण्याला कशाला जातील.

– एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा, सोलापूर