होमरनच्या पलीकडचे पायरेट्स

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेसबॉलबद्दल मराठीत जे थोडंफार छापून येतं त्यात खेळाडूची कारकीर्द म्हणजे किती होमरन (साधारण क्रिकेटच्या सिक्सरसारखे फटके) मारले एवढंच असतं, फिल्डिंगला कुणी विचारतच नाही, आणि हे मला मनापासून खटकतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच टीमचं बघा ना.

बिल मॅझरॉस्की म्हटलं की सगळे १३ ऑक्टोबर १९६० ला जातात. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे तिथल्या फायनलची सातवी आणि शेवटची मॅच, समोर न्यूयॉर्क यांकीज, नवव्या इनिंगमध्ये ९-९ बरोबरी आणि याने होमरन मारून सिरीजच जिंकून दिली. सातव्या मॅचचा शेवट होमरनने झाला असं वर्ल्ड सिरीजमध्ये आजवर तेवढं एकदाच घडलंय, त्यामुळे त्याचं कौतुक होणारच. पण हा माणूस १७ सीझन पायरेट्सकडूनच खेळला आणि त्यात त्याचे होमरन फक्त १३८! त्याचं खरं काम सेकंड बेसवर होतं, म्हणजे बॅटिंगवाल्या टीमचे रनर ज्या बेसवरून धावत पुढे जातात त्यातल्या दुसऱ्यावर. समोरून रनर पाय पुढे टाकून त्याच्या अंगावर घसरत यायचा, हा जागचा हलायचा नाही, छोटासा ग्लोव्ह, बॉल त्यात आला न आला तोच फर्स्ट बेसकडे गेलेला असायचा, म्हणून तर त्याला 'नो टच' म्हणायचे. १,७०६ डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोघं आउट, सेकंड बेसमनमध्ये हा रेकॉर्ड अजूनही त्याच्याच नावावर आहे. तरी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत यायला २००१ उजाडलं, निवृत्त झाला होता १९७२ मध्ये.

रॉबर्टो क्लेमेंटेचंही तसंच. बरोबर ३,००० हिट्स (बॉल मारून सुखरूप बेस गाठणं), चार वेळा बॅटिंगमध्ये नंबर वन, १९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये .४१४ सरासरी आणि एमव्हीपी म्हणजे सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू, हे सगळीकडे सापडतं. पण १९६१ ते १९७२ सलग १२ गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे फिल्डिंगसाठी दर सीझनला मिळणारं बक्षीस, घेतलेत त्याने, त्याबद्दल एक ओळ तरी येते का? त्याच १९७१ च्या सिरीजमध्ये राइट फील्डच्या कोपऱ्यात कॅच घेऊन गर्रकन वळून त्याने थेट थर्ड बेसवर थ्रो टाकला, रनर कसाबसा वाचला, म्हणजे स्कोअरबुकात त्या थ्रोसाठी क्लेमेंटेच्या नावावर काहीच नाही, तरी जाणकार अजून त्या थ्रोबद्दल बोलतात. असा हात असला की पुढचे रनर पळायलाच धजत नाहीत, आणि न पळालेल्या रनरची नोंद कुठे होते? ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं तेव्हा तो फक्त ३८ वर्षांचा होता, आणि त्याच्या शेवटच्या सीझनलासुद्धा गोल्ड ग्लोव्ह त्यालाच मिळालं होतं.

विली स्टारजेलचं मात्र मान्य, त्याचे ४७५ होमरन हीच त्याची ओळख आणि १९७९ ची वर्ल्ड सिरीज त्याच्याच बॅटवर आली, तिथे माझी काही तक्रार नाही.

तर विनंती एवढीच, ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजच्या निमित्ताने जुन्या खेळाडूंवर काही छापणार असाल तर होमरनच्या आकड्याशेजारी गोल्ड ग्लोव्ह आणि डबल प्लेचे आकडेही द्या, आणि सुरुवात मॅझरॉस्कीपासून करा.

आपला नम्र,
एक बेसबॉलप्रेमी वाचक