मेडिकलवाल्या ताई, तुम्हाला मनापासून थँक्यू

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला विचारलेलं नाहीये म्हणून. पण कराडात आमच्या बाजूला राहणाऱ्या बायका वाचतील त्यांना बरोबर कळेल कोणाबद्दल चाललंय. काउंटरवर उभं राहून थँक्यू म्हणाले की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून लिहूनच टाकते.

बाळंतपणानंतर मला सल्ले कमी नाही मिळाले. पण अंगावर पाजत असताना हे चालतं का ते चालतं का विचारलं की उत्तरं दोनच यायची, एक तर "काही होत नाही, आम्ही नाही का पोरं वाढवली" नाहीतर "मग दूध बंद कर, डबा सुरू कर". तुम्ही दोन्हीतलं काही म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, किती घेतेस, कधी घेतेस आणि बाळ केवढंय. एवढं विचारणारं मला तोवर कोणी भेटलं नव्हतं.

सुरुवात दशमूलारिष्टापासून झाली. सासूबाईंनी बाटली मागवली होती, कंबर भरून येते, दूध येतं म्हणून, त्यांनाही त्यांच्या सासूने दिलेलं. तुम्ही बाटली फिरवून लेबलवरची बारीक ओळ दाखवलीत, स्वयंनिर्मित अल्कोहोल. आईंना पटेचना की आयुर्वेदिक औषधात दारू कशी, तर तुम्ही त्यांना न दुखावता सांगितलंत की यात वरून कोणी काही ओतत नाही, काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून ते मुरवतात तेव्हा आपोआप तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के. मग तिथल्याच बिलाच्या मागे हिशोब मांडलात. ३० मिलीचा डोस, १० टक्के धरले तर ३ मिली अल्कोहोल, म्हणजे वजनात अडीच ग्रॅमच्या आत. ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये ४२.८ टक्क्यांनी साधारण २० ग्रॅम. म्हणजे एक पेग म्हणजे असे आठ डोस. तो कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे, कारण त्यामुळे आमच्या घरातलं भांडण थांबलं. आईंना आपण विष देत होतो असं वाटलं नाही आणि मलाही उगाच धास्ती राहिली नाही. शेवटी वैद्यांना विचारून नुसता दशमुळांचा काढा घेतला, तो मुरवलेला नसतो, आणि आईच तो रोज उकळून द्यायच्या.

ब्रँडीचं मात्र तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. मावससासूबाई सावंतवाडीच्या, त्यांच्याकडे बाळंतिणीला गरम पाण्यात ब्रँडी द्यायची पद्धत, सर्दी होत नाही, झोप लागते. तुम्ही म्हणालात, आईच्या रक्तात जेवढं अल्कोहोल तेवढंच जवळजवळ दुधात असतं, प्यायल्यावर अर्ध्या ते एक तासात सगळ्यात जास्त, आणि नवजात बाळाचं लिव्हर कच्चं असतं, त्याला ते बाहेर टाकायला वेळ लागतो. शिवाय दूध वाढतं हा समज उलटा आहे, पान्हा सुटायला जे ऑक्सिटोसिन लागतं तेच अल्कोहोलने दबतं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं आणि खरं सांगते हे ऐकून मावससासूबाईंनीही ब्रँडीचा विषय सोडला, कारण त्यांना दूधच हवं होतं ना शेवटी.

मग माझी मैत्रीण. ती पुण्यात आयटीत आहे, बाळ सहा महिन्यांचं, ऑफिस पार्टीत एक ग्लास वाईन घेतली आणि घरी येऊन रडत दूध काढून बेसिनमध्ये ओतलं. मी तिच्यासाठी तुम्हाला विचारायला आले तेव्हा मला वाटलं आता तुम्ही तिला नावं ठेवणार. तुम्ही म्हणालात, न पिणं सगळ्यात चांगलं, पण एखाद्या वेळी एक ड्रिंक झालंच तर निदान दोन तास थांबायचं, दोन झाली तर चारेक तास, आणि तोवर आधी काढून ठेवलेलं दूध द्यायचं. ओतून टाकल्याने दूध लवकर साफ होत नाही, रक्तातलं उतरलं की दुधातलंही उतरतं, पंप फक्त छाती दुखायला लागली तर करायचा. आणि ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, आपल्याकडची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ही एक ड्रिंक नाहीच, जवळजवळ तीन आहेत! मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली हे कोणी तरी आधी सांगायला हवं होतं.

बारशाच्या रात्रीचंही तुमच्यामुळेच नीट झालं. तुम्ही सांगून ठेवलं होतंत की आई असो बाप असो, ज्याने घेतलीय त्याने बाळाला कुशीत घेऊन झोपायचं नाही, झोप गाढ लागते आणि बाळ दबलं तरी कळत नाही. नवऱ्याने मित्रांबरोबर घेतली होती, तो स्वतःहून बाहेरच्या खोलीत गादी घालून झोपला.

खोकल्याचं औषध तर मी विसरूच शकत नाही. घरात नवऱ्याच्या जुन्या खोकल्याची अर्धी बाटली होती, मी फक्त त्याच्यासारखीच दुसरी द्या म्हणाले. तुम्ही नाव वाचलंत आणि बाटली काउंटरच्या आतच ठेवलीत. कोडीन. काहींच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं, ते दुधातून जातं, बाळ सुस्त पडतं, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच पाजणाऱ्या आयांना ते घेऊ नका म्हणून सांगितलंय. तुम्ही मला दुसरं काही परस्पर दिलं नाहीत, माझ्याच फोनवरून डॉक्टरांना लावायला लावलंत आणि पहिलं वाक्य शिकवलंत, "डॉक्टर, मी अंगावर पाजते." ते वाक्य मी आता दाताच्या दवाखान्यातही आधी म्हणते. दुखलं तर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन साधारण चालतं हेही तुमच्याकडूनच कळलं, नाहीतर टाक्यांचं दुखणं मी नुसतंच सोसत बसले होते.

आणि आमच्या कामवाल्या मावशींच्या सुनेशी तुम्ही ज्या पद्धतीने मशेरीबद्दल बोललात त्याबद्दल वेगळं थँक्यू. निकोटिन दुधात उतरतं हे सांगितलंत, पण म्हणून पाजणं सोडू नको, मशेरी सोड, आणि एकदम नाही जमलं तर पाजून झाल्यावर लाव, पाजायच्या आधी नको. त्या पोरीला दवाखान्यात सगळ्यांसमोर ओरडा बसला होता, ती तिकडे परत जायलाच तयार नव्हती. तुमच्याकडे मात्र ती येते, बाळाचं वजन सांगायला म्हणून येते.

माझी जाऊ पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे, माहेर मालवणचं, तिकडे ब्रँडीची बाटली आधीच आणून ठेवलीय म्हणे. मी तिला तुमचा नंबर दिलाय, चालेल ना ताई? दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हाच फोन करेल.

तुमची,
बिलाच्या मागे हिशोब लिहून घेणारी