नाथसागरात कयाक घालण्यापूर्वी

संपादक महोदय,

थंडी पडली की पैठणला नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडे, कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) घेऊन नवख्यांची पावले वळतात. पाणी संथ दिसते, पण जलाशय पसरट आणि उथळ. वारा सुटला की लाटा लगेच उठतात. म्हणून सकाळीच निघावे आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवावे. दमल्यावर परतताना तोच वारा पाठीशी असतो. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

लाइफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी ते खांद्यांवरून वर ओढायला सांगा. कानांपर्यंत आले तर पट्टे सैल आहेत. वल्हे पावलांजवळ पाण्यात घालून कमरेपाशी बाहेर काढा, त्यामागे ओढत राहिलात तर कयाक वळते. उलटलीच, तर तिला धरून राहा.

काठाने चालताना चप्पल नको. पाणी ओसरलेल्या गाळावर वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली पोटरीभर चिखल. चप्पल तिथेच राहते. बाभळीचे काटे वेगळेच!

हे पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याला आधी विचारावे. धरणाच्या २७ दरवाजांतून विसर्ग सुरू असेल, तर खालच्या गोदापात्रात उतरूच नये. विसर्गाचा रोजचा आकडा घाटावरच्या फळ्यावर मराठीत लिहायला काय हरकत आहे?

— एक वाचक, पैठण