हात मागे बांधून उभे राहिलेल्या मशीनवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, मोबाईल फक्त फोन घ्यायला ठेवलाय असं तुम्हीच म्हणाला होतात, पण समोर उभं राहून मला हे बोलता येणार नाही, त्या दिवशीही आलं नाही, नुसतं "बरं, येतो" म्हणून निघालो. म्हणून इथं लिहितोय. कोणीतरी वाचून दाखवेलच तुम्हाला.

मी तो डावखुऱ्या मुलीचा बाप. दोन शिलाई मशिनं दोन पिशव्यांत घालून घाम पुसत आलो होतो तो. ती डावखुरी आहे हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, तुम्ही तिनं दोरा कुठल्या हातानं तोडला ते बघून ओळखलंत. याआधी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेलो त्यातल्या एकानंही तिच्या हाताकडे बघितलं नव्हतं. बघत होते ते माझ्या खिशाकडे.

लेक ८ वर्षांची. वर्षभर एकच घोषा, मला शिवायचंय. घरात कोणालाच शिवता येत नाही, मला तर तुटलेलं बटणसुद्धा नीट लावता येत नाही, त्यामुळे ज्यानं जे सांगितलं ते मी घेत गेलो. पहिल्या विक्रेत्यानं "लहान मुलांसाठी हेच" म्हणून बॅटरीवरचं गुलाबी मशीन गळ्यात मारलं. इतकं हलकं की टीप मारताना कापडाऐवजी मशीनच टेबलावरून सरकायचं. बटण दाबलं की सुसाट, सोडलं की बंद, मधलं काही नाहीच. दोन पदरी कापड खाली घातलं की सुई अडकून बसायची. ते खेळणं होतं, आणि त्यानं ते मशीन म्हणून विकलं, आणि पोरगी महिनाभर समजत राहिली की आपल्यालाच जमत नाहीये. मला त्या माणसाचा खरा राग आहे तो एवढ्यासाठीच.

मग दुसऱ्यानं बरोबर उलटं केलं. डझनांनी डिझाइनचे टाके, स्क्रीन, दिवा, काज आपोआप. "पुढे उपयोगी पडेल." पुढे म्हणजे कधी देव जाणे. पायडलवर नुसता पाय टेकला की घर्रर्र करून कापड आत ओढायचं, ती दचकून दोन्ही हात वर करायची, कापड वेडंवाकडं जाऊन थांबायचं. त्यात पाय पोचत नाही म्हणून ती अर्धी उभी राहून पायडल दाबायची. तुम्ही नंतर सांगितलंत की पायडलखाली खोकं सरकवून ते उंच करायचं, आणि असल्या मशीनला वेग कमी करायची पट्टी असते ती कासवाकडे नेऊन ठेवायची. होती हो ती पट्टी, कासव आणि ससा छापलेली, आमच्याच मशीनवर होती! विकणाऱ्यानं एका शब्दानं सांगितलं नाही, मी चित्र समजत होतो.

शिवणक्लासचं तर बोलायलाच नको. एकीकडे "पाय पोचायला लागले की आणा." दुसरीकडे घेतलं, पण बाईंना घाई. "दे इकडे, मी दाखवते." दाखवते म्हणजे त्याच शिवायच्या. लेक एक छोटी पिशवी घेऊन घरी आली, आम्ही कौतुक केलं, तर ती म्हणाली बाबा यातली एकही टीप माझी नाहीये. आणि ती पिशवी तिनं कधी वापरली नाही.

आणि मी. मलाही यात सोडत नाही. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा हा एवढा गुंता व्हायचा, पक्ष्याचं घरटं असावं तसा, आणि मी दर वेळी तिच्यावर ओरडायचो की खालचा बॉबिन, ती दोऱ्याची छोटी रिळी, नीट बसव. ती बसवायची. परत काढायची, परत बसवायची. डोळ्यात पाणी यायचं तरी बसवायची. गुंता व्हायचाच. शेवटी एक दिवस म्हणाली नको मला मशीन. तेव्हा मी दोन्ही उचलली आणि दुरुस्त करून घेऊ म्हणून तुमच्याकडे आलो.

तुम्ही मशीन बघितलंत आणि मला काही न बोलता तिला विचारलंत, "ताई, दोरा घालताना मशीनचा पाय वर होता का खाली?" ती म्हणाली खाली. तुम्ही तो पाय, सुईजवळ कापड दाबून धरणारा, वर केलात, वरचा दोरा काढून पुन्हा घातलात, पाय खाली केलात, आणि टीप अशी पडली की मला वाटलं मशीन बदललं. मग तुम्ही तिला दोन चकत्या दाखवल्यात, पाय खाली असला की त्या एकमेकींना चिकटून असतात, दोरा मध्ये शिरतच नाही, वरच राहतो, त्याला ताण मिळत नाही आणि तो खाली ढीग करतो. "खाली गुंता झाला ना, की वर बघायचं." इतकंच. महिनोन्‌महिने मी पोरीला चुकीच्या जागी शोधायला लावत होतो आणि वर रागावतही होतो.

पण मी हे पत्र त्याच्यासाठी लिहीत नाहीये. चूक सापडवणारे भेटतात, थोडे भेटतात पण भेटतात. मी लिहितोय ते त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी. मशीन सुरळीत चाललं होतं. दोरा बरोबर ओवलेला होता. बाहेर दोन गिऱ्हाईकं उभी होती. तुमच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं झालं काम, न्या. तुम्ही काय केलंत, तो नीट ओवलेला दोरा सर्रकन ओढून काढून टाकलात, रीळ तिच्या हातात दिलंत, आणि तेलानं काळे झालेले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. म्हणालात, "आता तू."

ती चार वेळा चुकली. एकदा पाय वर करायला विसरली, एकदा वरखाली होणाऱ्या त्या दांड्याच्या भोकातून दोरा घालायचाच राहिला, एकदा सुईत उलट्या बाजूनं ओवला. मी तिथं उभा असून माझे हात शिवशिवत होते. तुम्हाला तर डोळे मिटून येतं ते, तुम्हाला किती जड गेलं असेल. पण मी बघत होतो, पाठीमागे तुमची बोटं एकमेकांत घट्ट धरलेली होती आणि ती सुटली नाहीत. एक गिऱ्हाईक म्हणालं अहो द्या ना करून, किती वेळ, तर तुम्ही मान न वळवता म्हणालात, थांबा जरा, ताईंचं काम चालूय.

ताईंचं काम. ८ वर्षांच्या पोरीचं.

पाचव्यांदा जमलं. तिनं तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून पचवू शकलेलो नाही काका, लिहितानाही होतंय.

आणि त्या दिवशी तुम्ही विकलं तर काहीच नाही. गुलाबी मशीन हातात घेऊन म्हणालात याला दुरुस्ती नाही, पैसे घालवू नका. मोठं नीट झाकून ठेवा, वेळ आली की काढा. आणि तुमच्याकडचं ते काळं जुनं हातमशीन पुढे केलंत, पंधरा दिवस न्या, नाही आवडलं तर आणून द्या. कारणही तिलाच सांगितलंत, मला नाही. हँडल उजवीकडे असतं, म्हणजे उजवा हात फिरवायला, आणि कापड धरायला डावा मोकळा, आणि तुझा तर डावाच शहाणा आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डावखुरेपणाचा कोणीतरी फायदा मोजला, नाहीतर आजवर कात्रीपासून सगळं जग उजव्यांचंच. तोटेही लपवले नाहीत, वजनाला दगड आहे, एकटीनं उचलायचं नाही, सरळ टीप सोडून काही येत नाही, ताणणारं बनियनचं कापड यावर शिवायला घेऊ नकोस. तोटा सांगून मशीन देणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

हँडल एकदा फिरवलं की तीन टाके पडतात, तिनं मोजलं. थांबवलं की जागच्या जागी थांबतं. आता दचकत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी बिनदोऱ्याची, जुनी बोथट सुई लावून वहीच्या कागदावरच्या रेघांवरून टिपा मारल्या, मग गोल, मग कोपरे. सुई खाली रुतवून पाय उचलायचा आणि कापड फिरवायचं हे जमलं त्या दिवशी तिनं नुसते चौकोनच शिवले, संध्याकाळपर्यंत, घरातल्या प्रत्येक चिंधीवर. मग कापडासाठी १४ नंबरची नवी सुई तिनंच लावली. बोटं सुईच्या पुढे नाही, बाजूला, हे ती मलाच बजावते, तुमच्या त्या नखावरच्या खुणेची गोष्ट सांगून सांगून. माझी आई म्हणते खुणेची गोष्ट जरा कमी कर, जेवताना नको.

मला वाटतं काम येतं अशी माणसं पुष्कळ असतात. आपल्याला येतं हे दाखवणारीही पुष्कळ. समोरच्याच्या चुका होत असताना आपले येणारे हात आवरून धरणारा माणूस मला इतक्या वर्षांत भेटला नव्हता, शाळेत नाही, ऑफिसात नाही, आणि खरं सांगायचं तर आरशातही नाही. मी अजूनही तिच्याजवळ बसलो की "अगं असं नाही" तोंडातून निघतंच. मग ती माझ्या हातांकडे बघते आणि मी मुकाट्यानं मागे घेतो.

पंधरा दिवस होऊन गेलेत हे माहितीये मला. मशीन परत येणार नाही, हिशेब करायला मी येतोच शनिवारी, या वेळी नाही म्हणू नका. ती पण येणार आहे, तुमच्या स्क्रूड्रायव्हरसाठी एक गुंडाळी शिवलीये, त्यात एक टीप घसरलेली आहे, उसवणार नाही म्हणते.

आणि एक विनंती. तेल घालायची ९ भोकं आहेत असं तुम्ही तिला सांगितलंत, तिला ८ सापडलीत. नववं मला परवा दिसलं, मी बोललो नाही. शनिवारी ती तुम्हाला विचारेल. काका, तुम्हीही सांगू नका.

तुमचा,
डावखुऱ्या ताईंचा बाबा